कला, डिझाइन, वास्तुकलेवरचे टीव्ही कार्यक्रम : माहिती देणारे आणि बघायला शिकवणारे

निळाई

कला, डिझाइन आणि वास्तुकलेवरचे टीव्ही कार्यक्रम हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय. जुने, नवे, परभाषेतले, उपशीर्षकं वाचत बघावे लागणारे, जे हाती लागेल ते मी बघत आले आहे. हल्ली प्रत्येक कार्यक्रमाला एकच कसोटी लावते. बघून झाल्यावर मला चित्रकाराविषयी चार गोष्टी जास्त कळल्या, की त्याचं चित्र पूर्वीपेक्षा जास्त दिसायला लागलं? बरेच कार्यक्रम पहिल्या गोष्टीवरच थांबतात. हालअपेष्टा, फसलेलं प्रेम, आजारपण, पाठमोरा चालणारा नट, मागे व्हायोलिन. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते चित्र चार-पाच सेकंद येऊन जातं, आणि तेवढ्यातही कॅमेरा त्याच्यावरून सरकत असतो.

बघायला शिकवणारा माझा सर्वांत लाडका कार्यक्रम म्हणजे ब्रिटिश कलासमीक्षक जॉन बर्जर यांची ‘वेज ऑफ सीइंग’ ही बीबीसीची १९७२ सालची मालिका. अर्ध्या-अर्ध्या तासाचे फक्त चार भाग. निर्माता माइक डिब. पहिल्याच दृश्यात बर्जर बॉटिचेल्लीच्या ‘व्हीनस आणि मार्स’समोर उभे राहतात, हातातलं पातं कॅनव्हासमध्ये खुपसतात आणि व्हीनसचा चेहरा कापून बाहेर काढतात. चित्र अर्थातच नक्कल आहे, तरी पातं फिरतानाचा आवाज ऐकून पोटात गोळा येतो. मग लक्षात येतं की छापील पुस्तकं, पोस्टकार्डं आणि टीव्ही रोज हेच करत असतात. पूर्ण चित्रात व्हीनस जागी आहे आणि शेजारी गाढ झोपलेल्या मार्सकडे बघते आहे. नुसता चेहरा उचलला की ती कुणीही सुंदर तरुणी होते.

याच भागात व्हॅन गॉगचं पिकाच्या शेतावरून उडणाऱ्या कावळ्यांचं चित्र आहे. आधी ते नुसतं बघायला मिळतं. मग सांगितलं जातं, की आत्महत्येपूर्वीचं त्याचं हे शेवटचं चित्र. त्या एका वाक्यानंतर कावळे वेगळे दिसतात, आभाळ वेगळं दिसतं, शेतातली मधेच संपणारी वाट वेगळी दिसते. चित्रात काहीही बदललेलं नसतं. भागाच्या शेवटी बर्जर स्वतःबद्दलही सावध करतात. ही चित्रं मी माझ्या हेतूने मांडली आहेत, तेव्हा माझ्याही मांडणीकडे संशयाने बघा, असा त्यांचा आग्रह. निवेदकाने प्रेक्षकाला इतक्या बरोबरीच्या नात्याने वागवलेलं मी फार कमी ठिकाणी पाहिलं आहे.

तुमच्या पाहण्यात असे कोणते कार्यक्रम आहेत? नुसती यादी नको. त्यातला एखादा प्रसंग, एखादं दृश्य आणि ते का भिडलं हेही लिहा.

जुनाप्रेक्षक

उत्तम धागा. मला मात्र ब्रिटिश कला-इतिहासकार केनेथ क्लार्क यांची बाजू मांडायची आहे, कारण बर्जर आले की लोक क्लार्कना मोडीत काढतात.

‘सिव्हिलायझेशन’ ही त्यांची तेरा भागांची मालिका १९६९ ची. डेव्हिड ॲटनबरो तेव्हा बीबीसी टूचे प्रमुख होते. त्या वाहिनीवर १९६७ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झालं होतं आणि रंगाची ताकद दिसेल असं काहीतरी मोठं त्यांना करून हवं होतं. मालिका ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली. पहिल्या प्रक्षेपणाच्या वेळी बहुतेक घरांत काळे-पांढरे संच होते, म्हणजे ज्या रंगांसाठी हा घाट घातला ते रंग बऱ्याच जणांना दिसलेच नाहीत. तरीही लोकांनी ती मन लावून बघितली, कारण क्लार्क योग्य जागी गप्प बसतात. कॅमेरा चर्चच्या आत शिरतो, संगीत सुरू होतं आणि बराच वेळ कुणी एक शब्द बोलत नाही. दगडावर प्रकाश कसा पडलाय हे आपण आपलं बघत राहायचं. निळाईंची कसोटी लावली तरी अशा जागी क्लार्क उतरतात.

त्यांच्या मर्यादा उघड आहेत. आशिया आणि आफ्रिका जवळपास गायब, स्त्री कलाकार तर नाहीतच. मालिकेचं उपशीर्षकच ‘एक वैयक्तिक दृष्टिकोन’ असं होतं, हे ध्यानात ठेवून बघावी. २०१८ मध्ये सायमन शामा, मेरी बेअर्ड आणि डेव्हिड ओलुसोगा यांनी मिळून नऊ भागांची नवी मालिका केली. तिचा आवाका निश्चितच मोठा आहे. पण तिच्यात दृश्यं इतक्या लगबगीने बदलतात की एखाद्या मूर्तीच्या चेहऱ्यावर नजर स्थिरावण्याआधीच आपण दुसऱ्या खंडात पोचलेलो असतो.

आणि ब्रिटिश चित्रकार गेन्सबरोचं अँड्रूज दांपत्याचं चित्र घ्या, साधारण १७५० चं. बर्जरना त्यात आपल्या मालकीच्या शेतांपुढे ताठ्याने मिरवणारे जमीनदार दिसतात, आणि ते खरंच आहे. पण त्या शेतांवरचा उजेड, कापणी झालेल्या पिकाच्या पेंढ्या, मागे दाटून आलेले ढग हेही खरं आहे. बाईंच्या मांडीवरचा तुकडा तर चक्क अपुरा राहिलेला आहे, तिथे काय यायचं होतं कुणास ठाऊक. मला दोन्ही मालिका लागतात. एकीने मला संशय घ्यायला शिकवलं, दुसरीने थांबायला.

कवडसा

जुनाप्रेक्षक, +१.

निळाई, कावळ्यांच्या चित्राबद्दल एक भर. ते व्हॅन गॉगचं शेवटचं चित्र नव्हे, असं आता अभ्यासक मानतात. तो मान ‘झाडाची मुळं’ या अपुऱ्या राहिलेल्या चित्राला दिला जातो. २०२० मध्ये एका जुन्या पोस्टकार्डावरून त्या मुळांची नेमकी जागाही ओळखता आली. म्हणजे बर्जर यांचा मुद्दा आणखीनच पक्का होतो. वाक्य चुकीचं असलं तरी चित्रावर त्याची सावली पडायची ती पडतेच.

अबोली

फ्रेंचमधली ‘पॅलेट’ ही ॲलँ जोबेर यांची मालिका कुणी पाहिली आहे का? १९८८ पासूनची. एका भागात एकच चित्र, अर्ध्या तासाच्या आसपास. निवेदक पडद्यावर येतच नाही. चित्र पूर्ण दिसतं, मग त्यातले आकार वेगळे करून दाखवतात, दृष्टिरेषा आखून दाखवतात, क्ष-किरण आणि अवरक्त छायाचित्रांतून रंगाच्या थरांखालचं आधीचं रेखाटन दिसतं. इथे हात आधी वर होता, मग खाली घेतला. इथे एक आकृती होती, ती पुसली. चित्रकाराने मन कसं बदललं ते डोळ्यांसमोर उलगडतं. तो कुणाच्या प्रेमात होता हे विचारावंसंही वाटत नाही.

याच अंगाने बीबीसीचा ‘फेक ऑर फॉर्च्युन’ही मला आवडतो, २०११ पासूनचा. वर वर तो चित्र खरं की बनावट याचा तपास आहे, पण रंगांचं रसायनशास्त्र त्यातून छान कळतं. टायटॅनियमचा पांढरा रंग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात बाजारात आला. एकोणिसाव्या शतकातलं म्हणून सांगितलेल्या चित्राच्या मूळ थरात तो सापडला की प्रकरण गंभीर होतं. पहिल्याच भागात मोनेचं म्हणून पुढे आलेलं एक चित्र होतं. हाती बरेच पुरावे लागूनही ज्या संस्थेचा शब्द अंतिम मानला जायचा तिने मान्यता दिली नाही. ते बघताना चित्रावरची सही आणि चित्राची ओळख यांतलं अंतर नीट समजलं.

आराखडा

वास्तुकलेबद्दल मी लिहितो, हे माझं रोजचं काम आहे.

चित्र सपाट असतं, पडदाही सपाट, त्यामुळे चित्राचं टीव्हीवर बरं चालतं. इमारतीचं अवघड आहे. इमारत आपण चालत अनुभवतो. बुटका प्रवेश, मग एकदम उंच छत, पायाखालची फरशी बदलली की पावलांचा बदलणारा आवाज, जिन्याच्या वळणावर अचानक आलेला उजेड. आता सगळीकडे ड्रोनने घेतलेली दृश्यं असतात. वरून इमारत देखणी दिसते, पण तिथून ती कुणीच वापरत नाही. आणि प्लॅन (इमारतीचा आडवा छेद, वरून पाहिलेला) व सेक्शन (उभा छेद) हे आमचे दोन मुख्य डोळे कार्यक्रमांतून जवळजवळ हद्दपार झालेले आहेत, प्रेक्षकाला ते कळणार नाहीत या समजुतीने.

ही समजूत खोटी ठरवणारी मालिका म्हणजे आर्ते या फ्रेंच-जर्मन वाहिनीची ‘आर्किटेक्चर्स’. रिशार कोपाँ आणि स्टान नॉयमान यांनी चालवलेली. प्रत्येक भाग २६ मिनिटांचा, एका भागात एक इमारत. ते इमारतीचं मॉडेल करतात आणि ते थर-थर उलगडत नेतात. मजला उचलला, भिंत काढली, आता फक्त सांगाडा. त्यानंतर प्रत्यक्ष जागेत गेलो की आपण नेमके कुठे उभे आहोत हे पक्कं ठाऊक असतं. पॅरिसच्या पाँपिदू या कलाकेंद्रावरचा भाग जरूर बघा. १९७७ ची ही इमारत बाहेरून नळ्यांचा गुंता वाटते. पण निळी नळी हवेची, हिरवी पाण्याची, पिवळी विजेची आणि लाल रंग माणसांच्या ये-जा करण्याचा, हे एकदा समजलं की दर्शनी भागच वाचता येतो. आणि सगळं बाहेर का काढलं, तर आतला प्रत्येक मजला खांबांशिवाय मोकळा मिळावा म्हणून. वास्तुविशारद पीटर झुमथोर यांच्या स्वित्झर्लंडमधल्या व्हाल्स इथल्या स्नानगृहांवरचाही भाग आहे. तिथल्या क्वार्टझाइट दगडाच्या पातळ चिपा एकावर एक रचलेल्या भिंती, पाणी आणि वरच्या फटींतून उतरणारा प्रकाश, एवढ्यावर सगळा भाग उभा आहे.

याउलट ‘ग्रँड डिझाइन्स’. चॅनेल फोरवर १९९९ पासून चालू आहे, केव्हिन मॅक्लाउड निवेदक. घराचं त्रिमित चित्र सुरुवातीला थोडा वेळ फिरतं आणि मग उरलेला वेळ पैसे संपले, खिडक्या आल्या नाहीत, पाऊस लागला, हेच. घराचा मुख्य विचार काय होता, खोल्या एकमेकींशी अशाच का जोडल्या, यावर फार कमी बोलणं होतं.

प्राजक्त

आराखडा, तुमचं म्हणणं पटतं, पण मी ‘ग्रँड डिझाइन्स’च्या बाजूने उभी राहणार. मी वास्तुकलेतली नाही. घर म्हणजे पायापासूनचे शंभर निर्णय असतात आणि प्रत्येकाची किंमत मोजावी लागते, हे मला याच कार्यक्रमाने शिकवलं. २००३ च्या सुमाराचा बेन लॉ यांचा भाग आठवतो का? जंगलात राहून लाकूडकाम करणाऱ्या या माणसाने त्याच जंगलातल्या चेस्टनटच्या लाकडाचा सांगाडा उभा केला, भिंतींत गवताच्या पेंढ्यांचे गठ्ठे भरले. तासून सरळ न केलेले, झाडासारखेच वाकडे खांब. मित्रमंडळी मिळून तो सांगाडा दोरांनी ओढून उभा करतात, तेव्हा जोड कसे बसतात हे बघण्यासारखं आहे. मॅक्लाउड यांनीही हा आपला आवडता भाग असल्याचं सांगितलेलं आहे. तुमचा प्लॅन-सेक्शन तिथे नव्हता, पण लाकूड कसं वागतं ते दिसलं.

पैसे संपण्याबद्दलही थोडं. वास्तुकलेवरच्या देखण्या पुस्तकांत पैसा कुठेच नसतो. इथे असतो, म्हणून मला तो कार्यक्रम जास्त प्रामाणिक वाटतो.

आराखडा

प्राजक्त, बेन लॉ यांच्या घराबद्दल शंभर टक्के मान्य. तो भाग मीही नव्याने शिकणाऱ्यांना दाखवतो.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. बहुतेक सगळे वास्तुकलेचे कार्यक्रम घर पूर्ण झालं त्या दिवशी संपतात. भिंती कोऱ्या, फुलदाणीत फुलं, मालकांचे डोळे पाणावलेले. इमारतीचं आयुष्य तर त्या दिवशी सुरू होतं. पहिला मोठा पाऊस कुठून आत येतो, दहा वर्षांनी कोणती खोली बंद पडून राहते, कुणी कुठे भिंत पाडतं, हे कोण दाखवणार?

ते दाखवलंय अमेरिकन लेखक स्टुअर्ट ब्रँड यांनी. ‘हाउ बिल्डिंग्ज लर्न’, बीबीसी, १९९७, सहा भाग, संगीत ब्रायन ईनो यांचं. ब्रँड यांनी नंतर ही मालिका स्वतःच इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत खुली केली. त्यांची मांडणी अशी, की इमारत ही वेगवेगळ्या वेगाने बदलणाऱ्या थरांची बनलेली असते. जागा जवळपास कायमची. सांगाडा पिढ्यान् पिढ्या टिकतो. बाहेरचं आवरण त्याहून लवकर बदलतं. नळ, वायरी, वातानुकूलन त्याहून लवकर. आतल्या भिंती आणखी लवकर, आणि सामानसुमान तर रोज हलतं. मूळ कल्पना वास्तुविशारद फ्रँक डफी यांच्या चार थरांची, ब्रँड यांनी त्याचे सहा केले. जिथे पटकन बदलणारा थर सावकाश बदलणाऱ्या थरात चिणून टाकलेला असतो, तिथे दुरुस्ती म्हणजे तोडफोड. नळ काँक्रीटमध्ये गाडला की गळती शोधायला काँक्रीट फोडावं लागतं. इतकी साधी, रोज कामी येणारी गोष्ट मला शिकताना कुणी या शब्दांत सांगितली नव्हती.

त्यांचं अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या बिल्डिंग २० वरचं प्रेमही समजून घेण्यासारखं आहे. महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, रडार संशोधनासाठी घाईघाईने उभारलेली तात्पुरती लाकडी इमारत. युद्ध संपल्यावर पाडायची होती, ती उभी राहिली १९९८ पर्यंत. दिसायला अगदी सामान्य. पण भिंतीला भोक पाडायला कुणाची परवानगी लागत नसे, म्हणून संशोधकांना ती प्रिय. पारितोषिक मिळालेल्या इमारतींवर पुष्कळ कार्यक्रम आहेत. अशा इमारतीवर इतक्या प्रेमाने कोण बोलतं?

अक्षरवेल

वाचतेय, फार छान चाललं आहे. डिझाइनवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

‘ॲबस्ट्रॅक्ट : द आर्ट ऑफ डिझाइन’ ही नेटफ्लिक्सची मालिका, २०१७ आणि २०१९ असे दोन सीझन. एका भागात एक डिझाइनर. दिसायला अतिशय सुंदर, आणि कधीकधी तोच तिचा अडसर होतो, कारण काही भाग त्या व्यक्तीची जाहिरात वाटतात. पण अक्षरांचे आकार घडवणारे जोनाथन हफ्लर यांच्यावरचा भाग मी पुन्हा पुन्हा बघते. जुन्या घड्याळांच्या तबकड्यांवरचे अंक आणि अक्षरं यांपासून ते एक नवा टाइपफेस करतात. एवढ्याशा जागेत रंगवलेला अंक, त्याची वळणं रुंद का ठेवली असतील, या शोधातून पूर्ण अक्षरमाला उभी राहते. अक्षरं रचणाऱ्यांना ठाऊक असतं, की गोल अक्षर सरळ अक्षराच्या बरोबर उंचीचं केलं तर ते लहान दिसतं. म्हणून गोलाई वर आणि खाली किंचित बाहेर काढावी लागते. मोजून चुकीचं, बघून बरोबर. असं काही पडद्यावर आलं की पुढचे कित्येक दिवस दुकानाच्या पाट्या, पुस्तकांची मुखपृष्ठं सगळीकडे नजर तेच शोधत राहते. निळाई, तुमच्या कसोटीचं यापेक्षा थेट उत्तर माझ्याकडे नाही.

एक जुनं दुखणंही मांडते. टीव्हीला नायक एकच लागतो. १९५६ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स हे डिझाइनर दांपत्य आपली नवी लाउंज खुर्ची घेऊन अमेरिकेत एनबीसीच्या ‘होम’ या कार्यक्रमात आले होते. ते चित्रीकरण आजही बघायला मिळतं. निवेदिका सगळं श्रेय चार्ल्स यांना देते आणि रे यांची ओळख कर्तृत्ववान पुरुषामागची स्त्री अशा सुरात करून देते. दोघं बरोबरीने काम करत होते. बघताना जीव तुटतो. एका भागात एक प्रतिभावंत ही रचना आजच्या मालिकांतही तशीच आहे, फक्त जास्त देखणी झाली आहे. वास्तुशिल्पाचं किंवा नेपथ्याचं काम पन्नास माणसांचं असतं. त्या पन्नासांतल्या दोघांना तरी बोलू द्या.

चाकावरचीमाती

अक्षरवेल, शेवटच्या परिच्छेदाला माझं अनुमोदन.

मी स्पर्धांच्या कार्यक्रमांबद्दल लिहिते, कारण त्यांना सरसकट उथळ म्हणणं मला पटत नाही. ‘द ग्रेट पॉटरी थ्रो डाउन’ २०१५ पासून आहे. माती चाकावर चढवणं, सुकवणं, पहिली भाजणी, ग्लेझ (चकाकीचा काचेरी लेप), दुसरी भाजणी हा सगळा क्रम त्यात दिसतो. भांडं तळाशी नीट दाबलं नसेल तर सुकताना किंवा भाजताना तळावर नागमोडी चीर जाते. ती चीर कित्येकदा भट्टी उघडल्यावरच कळते, आणि तोवर काही करण्यासारखं उरलेलं नसतं. परीक्षक कीथ ब्राइमर जोन्स चांगलं काम हातात घेऊन खरोखर रडतात. माती हाताळणाऱ्याला ते रडणं समजतं.

चित्रांत ‘पोर्ट्रेट आर्टिस्ट ऑफ द इयर’, स्काय आर्ट्सवर २०१३ पासून. प्राथमिक फेरीत नऊ चित्रकार, तीन बैठकीला बसणारी माणसं, चार तास. म्हणजे एकाच चेहऱ्याकडे तीन जण बघताहेत. कुणी डोळ्यापासून सुरुवात करतं, कुणी अख्खा कॅनव्हास आधी गडद तपकिरी करून घेतं, कुणी फक्त सावल्यांचे डाग टाकत जातं आणि बऱ्याच वेळाने अचानक माणूस ओळखू येतो. निकाल मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

आणि बॉब रॉस यांना विसरू नका. ‘द जॉय ऑफ पेंटिंग’, १९८३ ते १९९४, एकूण ४०३ भाग. लोक त्यांच्या मृदू आवाजाबद्दल बोलतात. मी हातांकडे बघते. ओल्या रंगावर ओला रंग, म्हणून अर्ध्या तासात चित्र होतं. चाकूच्या कडेवर पांढऱ्या रंगाची बारीकशी वळी घ्यायची आणि डोंगराच्या उतारावर अजिबात जोर न देता ओढायची. कॅनव्हासच्या खरखरीमुळे रंग तुटत जातो, आणि त्या तुटण्यातूनच खडकांवरचा बर्फ दिसतो. जोर दिला की बर्फ गेला. प्रत्येक चित्र ते तीनदा काढत. एक आधी, समोर ठेवायला. एक चित्रीकरणात. एक नंतर, पुस्तकासाठी. ती सहजता अशी कमावलेली होती.

निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘हाउ बिल्डिंग्ज लर्न’ मी पाहिलेली नाही, आता तीच आधी लावणार.

जुनाप्रेक्षक, क्लार्कच्या शांततेबद्दल तुम्ही लिहिलंत ते पूर्ण मान्य. त्यावरून सिस्टर वेंडी आठवल्या. १९९२ पासून बीबीसीवर दिसलेल्या या संन्यासिनी टिपणं किंवा लिहून आणलेलं काही न घेता चित्रासमोर उभ्या राहून बोलत. नग्नचित्रातल्या देहाबद्दलही तितक्याच मोकळेपणाने आणि आदराने. त्यांची नजर कॅमेऱ्यापेक्षा चित्राकडे जास्त असते, आणि आपली नजर आपसूक तिकडे जाते.

सुरुवातीला मी नटांनी रंगवलेल्या प्रसंगांवर टीका केली होती, त्याला एक अपवाद नोंदवते. सायमन शामा यांच्या २००६ च्या ‘पॉवर ऑफ आर्ट’मध्ये नाट्यप्रसंग भरपूर आहेत, व्हॅन गॉगच्या भूमिकेत तर अँडी सर्किस आहे. तरी काराव्हाज्जोचा भाग मला आवडतो, कारण तो एका चित्राला धरून राहतो. डेव्हिडने हातात धरलेलं गोलायथचं कापलेलं डोकं, आणि त्या डोक्याला चित्रकाराने दिलेला स्वतःचा चेहरा. तिथे चरित्र चित्राच्या आत शिरायला मदत करतं.

ज्यांना करून बघायचं असेल त्यांनी एखादा भाग आधी आवाज बंद करून बघा. निवेदन नसताना चित्रं किंवा इमारत काही सांगत असेल, तर दिग्दर्शकाने डोळे उघडे ठेवून काम केलं आहे. नुसती माणसंच बोलताना दिसली, तर तो रेडिओवरही चालला असता.

कवडसा

अवांतर वाटेल, पण इथे ‘सुरभि’चं नाव यायलाच हवं. दूरदर्शन, नव्वदचं दशक, सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे. छोट्या छोट्या तुकड्यांत कारागिरांचे हात दिसायचे, आणि कारागीर स्वतः बोलायचे. अक्षरवेल म्हणतात तसा एकच नायक तिथे नव्हता.

जपानच्या एनएचकेवर रविवारचा कलाविषयक कार्यक्रम १९७६ पासून दर आठवड्याला चालू आहे, हेही नोंदवून ठेवतो. एखादी वाहिनी मनावर घेते तेव्हा हे असंही होतं.

प्राजक्त

एक विचारायचं होतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना वास्तुकलेची गोडी लागेल असं काय दाखवावं? ‘आर्किटेक्चर्स’ त्यांना थोडं जड जाईल असं वाटतं.

आराखडा

डेव्हिड मॅकॉले. निःशंकपणे.

अमेरिकेच्या पीबीएसवर त्यांचे ‘कॅसल’ (१९८३), ‘कथीड्रल’ (१९८६), ‘पिरॅमिड’ (१९८८) आणि ‘रोमन सिटी’ (१९९४) असे कार्यक्रम आले. अर्धा भाग त्यांच्या रेखाटनांवरून केलेली ॲनिमेशनची गोष्ट, अर्ध्यात मॅकॉले स्वतः खऱ्या जागी फिरून समजावतात. गोष्टीत माणसं भांडतात, पैसे कमी पडतात, आणि त्या ओघात भिंतीला बाहेरून टेकू का द्यावा लागतो, कमान तोल कसा सावरते हे मुलांना कळून जातं. रेखाटनांत सेक्शन भरपूर आहेत आणि मुलांना ते अजिबात जड जात नाहीत, हा माझा अनुभव आहे.

त्यानंतर त्यांचीच २००० सालची ‘बिल्डिंग बिग’. पूल, घुमट, गगनचुंबी इमारती, धरणं, बोगदे असे पाच भाग. घुमटांत रस वाटला तर पीबीएसच्याच ‘नोव्हा’ या विज्ञानमालिकेचा २०१४ चा, इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या कथीड्रलच्या घुमटावरचा भाग शोधा. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये जवळपास ४५ मीटरचा गाळा खालून आधाराचा लाकडी साचा न उभारता झाकला. कार्यक्रमात गवंडी त्याच रीतीने छोटा घुमट प्रत्यक्ष बांधतात. आडव्या विटांच्या ओळींत ठरावीक अंतराने उभ्या विटा येतात आणि त्या आडव्या विटांना घसरू देत नाहीत.

या कार्यक्रमांना क्रम पाळायची गरज नाही. मुलाला किल्ले आवडत असतील तर ‘कॅसल’पासून सुरुवात करा, आणि शेजारी कागद-पेन्सिल असू द्या.